पाहिलं एकानं, लिहिलं दुसऱ्यानं

तारीख २ ऑगस्ट १४९२, वार गुरुवार. स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या पालोस नावाच्या लहानशा बंदरगावात तुम्ही उभे आहात. संध्याकाळ झाली तरी उकाडा हटलेला नाही. समोर तिंतो नदी वाहते आहे आणि तिचं पाणी लालसर आहे. वरच्या अंगाला धातूंच्या जुन्या खाणी आहेत, त्या मातीचा हा रंग. नदीत तीन जहाजं नांगरून पडली आहेत. पाण्याची पिंपं घरंगळत काठाकडे येताहेत, दोरखंडांची वेटोळी खांद्यांवरून होड्यांत उतरताहेत. माणसं घाईत आहेत, पण बोलत नाहीत.

या गप्पपणाचं कारण हवं असेल तर सान होर्हे चर्चकडे चला. २३ मे रोजी इथेच राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांचं फर्मान गावाला वाचून दाखवलं गेलं. पालोसकरांच्या हातून पूर्वी काही अपराध घडला होता. त्याची शिक्षा म्हणून गावानं दोन जहाजं बारा महिने दरबाराच्या सेवेत द्यायची होती. जहाजं हुकमानं मिळतात, माणसं मिळत नाहीत. जेनोवाहून आलेला, बोलण्यात परका हेल असलेला, आणि ज्याच्या हाताखाली या गावातला एकही खलाशी कधी राबलेला नाही, असा हा कोलंबस. त्याच्या शब्दावर पश्चिमेच्या पाण्यात जीव घालायला कोण तयार होणार? शेवटी मार्तिन आलोन्सो पिन्सोन हा गावचा नावाजलेला नाखवा पुढे झाला आणि मग गाव हललं. पिन्सोन बंधू आले, शेजारच्या मोगेरचे निन्यो बंधू आले, त्यांचे सोयरे आले, आळीतली पोरं आली. साधारण नव्वद माणसं जमली.

ही सगळी तुरुंगातून सोडवून आणलेली माणसं होती, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते मनातून काढून टाका. कैदेतून सुटका मिळालेले चौघेच आहेत. एकानं भांडणात माणूस मारला आणि बाकीचे तिघे त्याला सोडवायला गेले म्हणून अडकले. उरलेले सगळे सरावाचे दर्यावर्दी. पृथ्वी सपाट आहे आणि कडेवरून आपण खाली पडू, अशी भीतीही इथे कुणाला नाही. पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्यांना शतकानुशतकं ठाऊक आहे. वाद आहे तो तिच्या मापाचा. कोलंबसाच्या हिशेबानं कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २४०० सागरी मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते अंतर १०,००० मैलांहून जास्त आहे. अल्-फरगानी या अरबीत लिहिणाऱ्या खगोलशास्त्रज्ञानं एका अंशाची लांबी दिली होती अरबी मैलांत. कोलंबसानं ते मैल इटालियन धरले, म्हणजे बरेच लहान. शिवाय मार्को पोलोच्या आधारानं आशिया पूर्वेकडे खूप लांब ताणला. राणीच्या विद्वान मंडळानं त्याची योजना फेटाळली, तेव्हा अंतराच्या बाबतीत ते विद्वान बरोबर होते. वाटेत दुसरं खंड आडवं आलं नसतं, तर उद्या निघणारी ही माणसं भर समुद्रात तहानेनं मेली असती.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते आहे. स्पेनमधल्या ज्यूंना देश सोडून जाण्याची मुदत संपते आहे. याच वर्षी जानेवारीत ग्रानादाचं शेवटचं मुस्लिम राज्य पडलं आणि ३१ मार्चला हुकूम निघाला: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर चालते व्हा. घरदार मिळेल त्या किमतीला विकून माणसं बंदरांतून बाहेर पडली आहेत. उद्या ज्या जहाजावर तुम्ही चढणार आहात, त्यावर लुईस दे तोरेस नावाचा एक माणूस आहे. जन्मानं ज्यू, नुकताच ख्रिस्ती झालेला. त्याला हिब्रू, अरामी आणि थोडी अरबी येते, म्हणून कोलंबसानं त्याला दुभाषा नेमलं आहे. चीनच्या दरबारात अरबी जाणणारं कोणीतरी भेटेलच, असा अंदाज. पूर्वेकडच्या राजांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेली पत्रंही बरोबर आहेत. त्यांत राजाच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे.

३ ऑगस्ट, शुक्रवार. सूर्य उगवायला अर्धा तास असताना ओहोटीबरोबर जहाजं निघतात. तुम्ही सांता मारियावर आहात. तिन्ही जहाजांत ही सर्वांत मोठी, तरीही एसटीच्या दोन लाल गाड्या एकापुढे एक लावल्या की तिची लांबी भरते. एवढ्या जागेत चाळीसएक माणसं, सरपण, दारूगोळा, तेलाची भांडी, वाइनची पिंपं आणि वर्षभर पुरावी इतकी रसद. पुढे वेगानं पळते ती पिंटा, तिचा कप्तान मार्तिन आलोन्सो. सगळ्यांत लहान नीना, तिच्यावर त्याचा धाकटा भाऊ व्हिसेंते यान्येस.

झोपायला खोली मिळणार नाही. खाटही नाही. डेकच्या फळ्यांना पाणी वाहून जावं म्हणून बाक दिलेला असतो, त्यामुळे पाठ टेकवायला सपाट जागा एकच: मधल्या तळघराच्या दारावरचं झाकण. त्यावर जुने खलाशी आधीच पसरलेले असतात. तुम्ही दोरांच्या वेटोळ्यात अंग घालायचं. दिवसातून एकदा गरम जेवण. तेही समुद्र शांत असेल तर, कारण चूल उघड्या डेकवर वाळूच्या थरावर पेटते. काबुली चणे, खारवलेलं मांस, खारे मासे, लसूण, ऑलिव्हचं तेल आणि दोनदा भाजलेला, दगडासारखा टणक पाव. पहाटे पंप हाणायचा, कारण लाकडी जहाज रात्रभर पाणी पीत असतं.

तुमच्या वाट्याला काम येतं ते पोरासोरांचं आणि जहाजावरचं सगळ्यांत जोखमीचं. वाळूचं घड्याळ उलटवायचं. वरची वाळू अर्ध्या तासात खाली येते. शेवटचा कण पडला रे पडला की घड्याळ फिरवायचं आणि ठरलेली ओळ गाऊन सगळ्यांना कळवायचं. आठ वेळा फिरवलंत की एक पाळी संपते. डुलकी लागली आणि वाळू तशीच पडून राहिली, तर तेवढा वेळ जहाजाच्या हिशेबातून नाहीसा होतो आणि वेळेबरोबर अंतरही. मोकळ्या समुद्रात आपण कुठे आहोत हे काढायचं कसं? होकायंत्र दिशा दाखवतं, वेग डोळ्यांनी अंदाजायचा, आणि वेळ तुमच्या हातात. या तिन्हींचा मेळ घालून रोज नकाशावर एक टोच मारायची. सुकाणूवाला खाली फळ्यांच्या आड उभा असतो, त्याला समुद्र दिसतही नाही. वरून ओरडून सांगितलं जाईल तसं तो दांडा ओढतो. म्हणजे आशियाच्या शोधात निघालेला हा सगळा पसारा जागं राहू पाहणाऱ्या एका पोरावर आणि समुद्र न दिसणाऱ्या एका माणसावर चालला आहे.

आणि मागच्या बाजूला, जहाजावरच्या एकुलत्या एक खोलीत, एक माणूस लिहितो आहे. त्या वहीवर लक्ष ठेवा. या प्रवासाबद्दल पुढच्या पाचशे वर्षांत जे काही सांगितलं जाईल, त्यातलं बहुतेक त्या वहीतून येणार आहे. तुम्ही इथे आला आहात ते ती वही लिहिली जात असताना भोवती काय चाललं होतं ते पाहायला.

कॅनरी बेटांत महिना जातो. पिंटाचं सुकाणू वाटेतच निखळलं होतं, ते नव्यानं बसवतात. नीनाची तिरकी शिडं उतरवून चौकोनी चढवतात, कारण पुढचा वारा पाठीमागून येणार आहे. ६ सप्टेंबरला गोमेरा बेट सोडता. दोन दिवस वाराच पडतो आणि ९ तारखेला शेवटची जमीन नजरेआड होते.

त्याच दिवशी वहीत काय घडतं ते वाकून पाहा. कोलंबस ठरवतो की दररोज जेवढं अंतर कापलं, त्याहून कमी खलाशांना सांगायचं. प्रवास लांबला तर माणसांनी हाय खाऊ नये म्हणून. तेव्हापासून दोन आकडे चालतात. एक त्याचा, एक तुमचा. पण त्याला स्वतःचा वेग जरा जास्तच वाटतो. त्यामुळे खलाशांसाठी कमी केलेला आकडा खऱ्या अंतराच्या अधिक जवळ राहतो. पिन्सोनसारखे मुरलेले नाखवे आपापला हिशेब ठेवतातच. त्यांना फसवणं सोपं नाही. हे सगळं मला फार महत्त्वाचं वाटतं. माणसं नेणारा आपल्या माणसांना काय सांगायचं नाही हे ज्या दिवशी ठरवतो, त्या दिवसापासून वहीतल्या प्रत्येक ओळीकडे दोनदा पाहायला हवं.

१३ सप्टेंबर. रात्र पडता पडता होकायंत्राची सुई ध्रुवताऱ्याच्या किंचित पश्चिमेला कलते. चार दिवसांनी कल वाढलेला दिसतो. सुई खोटी ठरली तर उरलं काय? खलाशांचे चेहरे उतरतात. कोलंबस त्यांना पहाटे पुन्हा मोजायला लावतो आणि सांगतो की हलतोय तो तारा, सुई हलत नाही. ध्रुवतारा त्या काळी खऱ्या उत्तरेपासून तीनेक अंश दूर होता आणि तिच्याभोवती फिरत होता, त्यामुळे त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण सुईचा कल जागेप्रमाणे बदलतो हेही तितकंच खरं होतं, आणि ते अजून कोणी नीट समजून घेतलेलं नव्हतं.

१६ तारखेला समुद्र हिरवा होतो. पिवळसर-हिरव्या गवताचे तराफे क्षितिजापर्यंत पसरलेले. दुसऱ्या दिवशी हात घालून एक जुडी वर काढा: पाणथेंबांसारखे इवले फुगे, आणि आत एक जिवंत खेकडा. कोलंबस तो जपून ठेवतो, जमीन जवळ असल्याची खूण म्हणून. जमीन जवळ नाही. हा सार्गासो समुद्र आहे. इथे हे शेवाळ तळाला न चिकटता तरंगतच वाढतं.

आता डेकवरची कुजबुज ऐका. भीती आहे ती वाऱ्याची. निघाल्यापासून वारा पाठीवर आहे, रात्रंदिवस, एकाच दिशेनं. जाताना हे सुख आहे, पण परत यायचं कसं? या पाण्यात स्पेनकडे वाहणारा वारा कधी वाहतच नसेल तर? ही शंका अडाणी माणसाची नाही. शिडाच्या जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला पडणारा तो पहिला प्रश्न आहे. २२ सप्टेंबरला वारा समोरून येतो. एरवी शिव्या खाणारा हा वारा आज सगळ्यांना धीर देतो, आणि कोलंबस वहीत लिहितो की या उलट्या वाऱ्याची त्याला फार गरज होती. त्याचं खरं कर्तृत्व मला इथे दिसतं. जाताना खाली उतरून कॅनरीच्या रेषेवरचे पूर्वेकडून येणारे वारे धरायचे आणि येताना उत्तरेला चढून पश्चिमेकडचे वारे शोधायचे. ही वाट पुढची साडेतीनशे-चारशे वर्षं शिडाच्या जहाजांना पुरली. पृथ्वीच्या मापात तो चुकला, वाऱ्यात चुकला नाही.

२५ सप्टेंबर. सूर्य मावळताना मार्तिन आलोन्सो पिंटाच्या मागच्या डेकवरून ओरडतो की जमीन दिसली. माणसं डोलकाठ्यांवर चढतात, प्रार्थना म्हणतात. दुसऱ्या दिवशी कळतं की तो ढग होता. ७ ऑक्टोबरला नीनावरून तोफ उडते, निशाण चढतं. तेही खोटं. मात्र त्या संध्याकाळी पक्ष्यांचे थवेच्या थवे नैर्ऋत्येला जाताना दिसतात. पोर्तुगीजांनी पुष्कळ बेटं पक्ष्यांच्या मागे जाऊन शोधली, हे कोलंबसाला ठाऊक आहे. एक दिवस आधी पिन्सोननं हीच दिशा सुचवली होती, तेव्हा त्यानं मान्य केलं नव्हतं. आता जहाजं वळतात. रात्री चंद्रासमोरून पक्षी जाताना दिसतात, त्यांचे आवाज येतात, आणि पहारा संपला तरी झोपायला कोणी उठत नाही.

१० तारखेला माणसं म्हणतात, आता पुरे. वहीत याच्या मोजक्याच ओळी आहेत, आणि त्याही कोलंबसानं त्यांना कसा धीर दिला हे सांगणाऱ्या. कोण बोललं, काय बोललं, किती वेळ, यातलं काही नाही. तुम्ही तिथे आहात. पाठीचं कातडं मिठानं फाटलं आहे, पावात किडे झाले आहेत, गावाकडे पेरणीचे दिवस जवळ आलेत. त्यांची भाषा येत नसली तरी ते काय बोलताहेत ते तुम्हाला कळेल.

११ ऑक्टोबर. समुद्र आजवर कधी नव्हता इतका खवळलेला. पण पाण्यात एक हिरवा बोरू वाहत येतो. मग कोरीव काम केलेली काठी. नीनावरच्या लोकांना फळं लगडलेली डहाळी सापडते. आता कोणी परत फिरायचं नाव काढत नाही. संध्याकाळची प्रार्थना गाऊन झाल्यावर कोलंबस आठवण करून देतो: जमीन प्रथम पाहील त्याला राजा-राणीकडून वर्षाला १०,००० माराव्हेदी, जन्मभर; शिवाय स्वतःकडून एक रेशमी अंगरखा. साध्या खलाशाचा पगार महिन्याला १,००० माराव्हेदी आहे. म्हणजे न राबता दहा महिन्यांचा पगार, दरवर्षी. आज रात्री कोणाचा डोळा लागेल?

रात्री दहाच्या सुमारास कोलंबस मागच्या उंच डेकवर उभा आहे. त्याला दूर एक उजेड दिसतो, वरखाली होणाऱ्या मेणबत्तीसारखा. तो एका दरबारी माणसाला बोलावतो. त्याला दिसल्यासारखं वाटतं. दुसऱ्याला बोलावतो, त्याला दिसत नाही. कोलंबस तोफ उडवत नाही, निशाण चढवत नाही. तुम्हीही पाहा. काही दिसतं का?

आता पिंटावर चला; काळ ओलांडून आलात, तर दोन जहाजांमधलं पाणी ओलांडणं काही कठीण नाही. ती सगळ्यांच्या पुढे धावते आहे. मागे उगवलेला चंद्र पुनवेनंतर झिजलेला असला तरी त्याचा उजेड शिडांवरून पुढे पडतो आहे. पहाटेचे दोन. पहाऱ्यावरच्या एका खलाशाला लाटांपलीकडे फिकट पांढरी कड दिसते, वाळूची. तो ओरडतो. या वेळी ढग नाही. मार्तिन आलोन्सो खात्री करून घेतो आणि ठरलेली तोफ उडवतो. जुन्या समुद्री मापानं जमीन दोन लीगवर आहे. खलाशाचं नाव वहीत रोद्रिगो दे त्रियाना असं आलं आहे.

वर्षाला १०,००० माराव्हेदी कोलंबसाला मिळाले. रात्री दहाला दिसलेला उजेड हीच पहिली नजर, असा त्याचा दावा होता आणि दरबारानं तो मानला. साधा हिशेब करून पाहा. दहा ते दोन या चार तासांत जहाजं सुसाट धावत होती; म्हणजे दहा वाजता ती त्या किनाऱ्यापासून निदान पन्नास किलोमीटर लांब होती. एवढ्या अंतरावरून सखल बेटावरची मेणबत्तीएवढी ज्योत दिसत नाही. त्याला काही भास झाला असेल, कोणी होडीत चूड घेऊन गेलं असेल. पण तोफ उडाली ती रोद्रिगोच्या हाकेवर. वही कोलंबसाच्या हातात होती, एवढाच फरक. हे लिहिताना मला आजही राग येतो.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर १४९२. दिवस उजाडला आहे. आता जहाजावर थांबू नका. वाळूत उतरा आणि पाठ समुद्राकडे न करता समुद्राकडे तोंड करून उभे राहा, या बेटावरच्या माणसांच्या बाजूला. बेटाचं नाव ग्वानाहानी. आजच्या बहामामधलं हे नेमकं कोणतं बेट, यावर अभ्यासक अजून भांडतात. बहुतेकांचा कौल सान साल्वादोरला आहे. इथले लोक लुकायो, ताइनो लोकांची उत्तरेकडची शाखा. त्यांचे पूर्वज सात-आठशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या मोठ्या बेटांवरून एकाच ओंडक्याच्या होड्या वल्हवत इथे आले. कंद किसून, त्यातला विषारी रस पिळून काढून त्याची भाकरी करतात. कापूस कातून दोन खांबांत बांधायचे झोपाळे विणतात. डेकच्या फळीवर झोपून पाठ मोडलेल्या तुमच्या सोबत्यांना हा झोपाळा पाहून काय वाटेल याचा अंदाज करा. पुढे जगभरचे खलाशी त्यातच झोपू लागले.

होडी वाळूला लागते. सर्वांगावर कपडे घातलेली, दाढीवाली माणसं उतरतात. एकाच्या हातात शाही निशाण, दोघांच्या हातात हिरव्या क्रुसाची निशाणं. ते गुडघे टेकतात. मग त्यांच्यातला मुख्य माणूस काहीतरी मोठ्यानं बोलतो आणि दुसरा ते लिहून घेतो. तो लिहिणारा म्हणजे नोटरी रोद्रिगो दे एस्कोबेदो. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळलेलं नाही की आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, त्याची जमीन दुसऱ्याची झाली. त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ही भाषा त्याला येत नव्हती. लुईस दे तोरेसच्या हिब्रू-अरबीचा इथे काही उपयोग नाही.

मग लाल टोप्या आणि काचमणी वाटले जातात. इकडून पोपट, कापसाच्या सुताचे गुंडे आणि भाले दिले जातात. एक तरुण तलवार पाहायला हातात घेतो, पात्याकडून धरतो आणि बोटं कापून घेतो. लोखंड त्यानं कधी पाहिलेलं नाही. काहींच्या अंगावर जुन्या जखमांचे वण आहेत. खुणेनं विचारल्यावर ते खुणेनं सांगतात की दुसऱ्या बेटांवरची माणसं त्यांना पकडायला येतात.

संध्याकाळी त्या खोलीत जा आणि त्याच्या खांद्यावरून वही वाचा. तो लिहितो की हे लोक देखणे आहेत, स्वभावानं मऊ आहेत, चटकन शिकतात. त्याच पानावर लिहितो की हे चांगले नोकर होतील, आणि यांतले सहा जण तो राजा-राणीकडे नेईल, म्हणजे ते बोलायला शिकतील. जणू इतके दिवस ते बोलत नव्हते. दोन दिवसांनी लिहितो की पन्नास माणसांच्या जोरावर या सर्वांना ताब्यात ठेवता येईल. आणि हेही लिहितो की किनाऱ्यावर जमलेले लोक एकमेकांना हाका मारून सांगत होते, आकाशातून आलेली माणसं पाहायला या. त्यांच्या भाषेतला एक शब्द त्याला येत नव्हता. तुम्ही त्या किनाऱ्यावर होता. हाका तुम्हीही ऐकल्या.

१४ ऑक्टोबरला बेट सोडताना जहाजांवर सात माणसं जास्त आहेत. दोन दिवस उलटायच्या आत त्यातला एक जण संधी साधून पाण्यात उडी घेतो आणि निसटतो.

पुढचे तीन महिने भराभर पाहून घ्या. क्यूबाला तो आशियाची मुख्य भूमी मानतो आणि तोरेसला चीनच्या बादशहाच्या शोधात आत पाठवतो. तोरेसला बादशहा मिळत नाही. पेटवलेल्या पानांचा धूर ओढणारी माणसं मिळतात. नाताळच्या आदल्या रात्री, हैतीच्या किनाऱ्याजवळ, सगळे थकून झोपलेले असताना सुकाणू एका पोराच्या हाती सोपवलेलं असतं आणि सांता मारिया अलगद खडकाळ उथळ पाण्यात बसते. ग्वाकानागारी नावाचा तिथला सरदार आपल्या माणसांना होड्या घेऊन पाठवतो. ते झपाट्यानं माल किनाऱ्यावर आणतात. एक नाडीसुद्धा हरवली नाही, असं कोलंबस स्वतः नोंदवतो. फुटलेल्या जहाजाच्या लाकडातून गढी उभी राहते, तिचं नाव नाविदाद, आणि तिच्यात ३९ माणसं मागे राहतात.

याच बेटावर जेवायला बसा. भाकरीबरोबर एक लाल शेंग येते, इथले लोक तिला आही म्हणतात. पालोसच्या खलाशांच्या डोळ्यांत पाणी येतं. जहाजावरच्या माणसांपैकी एकट्या तुम्हालाच ती चव ओळखीची आहे. या घडीला कोकणात, देशावर, गोव्यात, कुठल्याच पाट्यावर ही मिरची नाही. तिथे तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पुढच्या शतकात हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागेल, आणि तिच्या मागोमाग काजू, पपई, पेरू, अननस. कोलंबसानं १५ जानेवारी १४९३ ला लिहिलं की ही मिऱ्यांपेक्षा सरस आहे. मिऱ्यांच्या शोधात निघालेल्या माणसाला हिंदुस्थान सापडला नाही, पण हिंदुस्थानच्या स्वयंपाकघराला जे कायमचं बदलणार होतं, ते त्याच्या पानात वाढलेलं होतं.

परतीला फेब्रुवारीत असं वादळ येतं की तो सगळी हकिगत चर्मपत्रावर लिहितो, मेणकापडात गुंडाळतो आणि पिंपात घालून समुद्रात टाकून देतो. जहाज बुडालं तरी लिहिलेलं वाचावं म्हणून. नीना वाचते. लिस्बनला टेकून ती १५ मार्च १४९३ ला पालोसच्या त्याच लाल नदीत शिरते. काठावर गाव लोटलं आहे. कोणाचा मुलगा परतला आणि कोणाचा नाविदादमध्ये राहिला, हे बायका ओरडून विचारताहेत. त्या ३९ पैकी एकही जिवंत राहणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

वही राणीला दिली गेली. तिनं एक नक्कल करवून कोलंबसाला दिली. आज दोन्ही नाहीत. आपल्या हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूनं केलेला सारांश, आणि तोही छापला गेला १८२५ साली. कोलंबसाचे किती शब्द गाळून, किती ठेवून हा सारांश झाला, ते मूळ वहीशिवाय सांगता येत नाही. रोद्रिगोनं लिहिलं नाही. वाळूचं घड्याळ उलटवणाऱ्या पोरांनी लिहिलं नाही. ग्वानाहानीच्या लोकांना तर त्या मुलाच्या बोटांवरची जखम भरली का, हे सांगायलाही फार वर्षं मिळाली नाहीत. त्यांना जहाजांत भरून एस्पान्योलाच्या, म्हणजे हैतीच्या त्याच बेटावरच्या, सोन्याच्या खाणींत आणि कुबागुआ बेटाजवळ समुद्रातून मोती काढायला नेलं गेलं. तीस वर्षांच्या आत लुकायो बेटं ओस पडली.

त्या सातांतला एक जण मात्र जगला. बार्सिलोनाला राजा-राणीसमोर उभा राहिला, बाप्तिस्मा झाला, आणि त्याला कोलंबसाच्या मुलाचंच नाव देण्यात आलं: दिएगो कोलोन. दुसऱ्या सफरीत तो दुभाषा म्हणून परत गेला. १४९४ च्या उन्हाळ्यात क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक म्हातारा सरदार कोलंबसाला भेटायला आला. मेल्यावर जिवाला दोन वाटा असतात, तो म्हणाला. दुसऱ्यांना पीडा देणाऱ्यांची एक आणि शांततेनं जगणाऱ्यांची दुसरी, हे ध्यानात ठेव आणि कोणाला विनाकारण दुखवू नकोस. ते स्पॅनिशमध्ये सांगितलं दिएगोनं. त्याचं स्वतःचं, आईबापांनी ठेवलेलं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.